बचावपटूचं वर्ष किती महिन्यांचं?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि फटाक्यांचा धूर विरायच्या आत एक जुना वाद नव्याने पेटला. क्रिकेटमधल्या मुलींना सामन्याचं मानधन पुरुषांइतकं मिळतं, मग फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी काय घोडं मारलंय? एक बाजू म्हणते, समान मानधन द्या, विषय संपला. दुसरी म्हणते, आधी तिकीट काढून त्यांची एक तरी मॅच बघा, मग तोंड उघडा. आवाज दोन्हीकडून मोठा आहे आणि मुद्दा दोन्हीकडून सुटलेला आहे.

दोघेही रुपये मोजतात, महिने कोणीच मोजत नाही. महिला फुटबॉलपटूची, त्यातही बचावपटूची, कारकीर्द उभी राहते ती ती वर्षातले किती महिने खरे सामने खेळते आणि किती महिने तिच्याशी कोणाचा तरी लेखी करार असतो यावर. सामन्यामागे किती मिळतात हा त्यानंतरचा हिशेब. मुंबईकरांना मागायचंच असेल तर त्यांनी लांब मोसम आणि बारमाही करार मागावा. समान मानधनाची मागणी चुकीची नाही, पण आज ती पहिली मागणी झाली तर महासंघांना ती फार स्वस्तात पुरी करता येईल.

क्रिकेटचंच उदाहरण नीट पाहू. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने मानधन समान केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. निर्णय उत्तमच. पण तेव्हा वार्षिक करारांत महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी, याकडे टाळ्यांच्या कडकडाटात फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. तरी क्रिकेटच्या मुलींचं निभावलं. त्यांच्याकडे वार्षिक करार होता, अनेकींकडे रेल्वेची नोकरी होती, आणि २०२३ मध्ये महिलांची डब्ल्यूपीएल ही लीग आली. समान मानधन हा त्या पायावर चढवलेला मजला. फुटबॉलमध्ये पाया खणायचाच राहिलाय. भारताकडून शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली महिला फुटबॉलपटू आशालता देवी ही मणिपूरची बचावपटू. २०११ च्या सुमारास ती भारतीय संघात आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत तिने शंभरी गाठली. म्हणजे वर्षाला सरासरी सात-आठ सामने. सात-आठ सामन्यांचं मानधन दुप्पट करा, तिप्पट करा, त्यावर बारा महिन्यांचं घर चालेल का?

मी मुद्दाम बचावपटूचंच उदाहरण घेतो, कारण व्यवस्थेतली पोकळी तिच्या बाबतीत सगळ्यांत आधी उघडी पडते. गोल करणारीकडे निदान दाखवायला आकडा असतो. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण सायप्रसला, मग ग्रीसला, मग पेरूला खेळली. त्यांची जिद्द वादातीत आहे. पण आघाडीवरच्या खेळाडूचा दोन मिनिटांचा व्हिडिओ जगात कुठेही पाठवता येतो. स्टॉपरचा, म्हणजे बचावफळीच्या मध्यावर उभ्या राहणाऱ्या खेळाडूचा, काय पाठवणार? जे घडलं नाही त्याची क्लिप निघत नाही.

वांद्र्याला किंवा अंधेरीला मुलींचा सामना चालू असेल तर अर्धा तास फक्त मागच्या चौघींकडे बघा. चेंडू पार समोरच्या अर्ध्यात असतो तेव्हाही स्टॉपरचं तोंड चालू असतं. ‘वर चल, वर चल!’ ‘लेफ्ट बघ, लेफ्ट!’ डावीकडच्या बॅकला ती हातानेच दोन पावलं आत घेते, मागे वळून कीपरला खूण करते. मग एका क्षणी चौघी एकदम पुढे सरकतात आणि समोरची फॉरवर्ड ऑफसाइड, म्हणजे चेंडू यायच्या आधीच बचावफळीच्या पलीकडे, सापडते; लाइनमनचा झेंडा वर जातो. कडेला बसलेले पालक मोबाइलमधून डोकं वर काढून विचारतात, काय झालं? काहीच झालेलं नसतं, आणि ते होऊ न देणं हेच तर तिचं काम. चौघींतली एक जरी अर्धा सेकंद मागे राहिली असती तर गोल झाला असता आणि नाव स्टॉपरचं खराब झालं असतं. ही लय व्हिडिओ बघून येत नाही, जिममध्ये येत नाही. त्याच चौघी एकत्र, चुरशीचे, गुण लागलेले सामने खेळत राहिल्या तरच येते. आणि मुंबईत त्या खेळणार कुठे? तासावर मिळणाऱ्या जाळीबंद टर्फवर पाच-सहा जणींचा खेळ झकास होतो, पाय सुटतात, पहिला टच सुधारतो. पण तिथे ऑफसाइड नाही, चाळीस मीटरवरून येणारा उंच चेंडू नाही, पाठीमागे मोकळं रान नाही. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात पाठीमागची ती जागा हीच बचावपटूची परीक्षा. नुसत्या टर्फवर वाढलेली मुलगी सुरेख ड्रिबलर होईल. स्टॉपर होणार नाही.

आता अमेरिकेची बेकी सॉवरब्रन घ्या. समान वेतनाच्या वादात तिचं नाव हमखास येतं, कारण २०१६ मध्ये अमेरिकी महासंघाविरुद्ध वेतनातल्या भेदभावाची तक्रार करणाऱ्या पाच जणींपैकी ती एक होती. त्या लढ्याची अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीत झाली, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण तिची कारकीर्द कोणी नीट वाचत नाही. राष्ट्रीय संघाकडून २१९ सामने, गोल शून्य. २००८ मध्ये, बाविसाव्या वर्षी, पदार्पण. २०११ च्या विश्वचषकात, वय वर्षं २६, वाट्याला आला एकच सामना. २०१२ मध्ये ती खेळत असलेली व्यावसायिक लीगच बंद पडली. २०१३ मध्ये नवी लीग, एनडब्ल्यूएसएल, सुरू झाली. तिथे ती २०१३, २०१४, २०१५ असं लागोपाठ तीनदा वर्षातली सर्वोत्तम बचावपटू ठरली आणि २०१९ मध्ये चौथ्यांदा. २०१५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची ती भिंत होती तेव्हा तिशीला पोचली होती. बचावपटू पिकते ती अशी, तिशीच्या आसपास. २०१३ मध्ये ती लीग उभी राहिली नसती तर सत्ताविसाव्या वर्षीच सॉवरब्रनचा खेळ आटोपला असता, आणि समान वेतनासाठी भांडायला ती उरलीच नसती.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लांब मोसम म्हणजे प्रवास, हॉटेल, मैदानाचं भाडं, पंच, डॉक्टर, पगार. आणि बघायला माणूस नाही. प्रेक्षक नाही तर प्रायोजक नाही, प्रायोजक नाही तर पैसा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे खरं आहे. इंडियन विमेन्स लीगचे कितीतरी सामने मूठभर माणसांसमोर झालेत. मात्र यातून ‘बाजार ठरवेल’ हा जो निष्कर्ष काढला जातो तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत बाजाराच्या भरवशावर दोन महिला लीग निघाल्या. पहिली २००१ मध्ये आली आणि २००३ मध्ये गेली. दुसरी २००९ मध्ये आली, तीन मोसम खेळली आणि २०१२ मध्ये बंद झाली. तिसरी, म्हणजे एनडब्ल्यूएसएल, टिकली, कारण सुरुवातीला राष्ट्रीय संघातल्या मुलींचे क्लबचे पगार अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या महासंघांनी स्वतः उचलले. बाकीच्यांचं किमान वेतन २०१३ मध्ये होतं वर्षाला ६ हजार डॉलर. २०२२ पर्यंत ते ३५ हजारांवर गेलं. म्हणजे आधी महासंघाने मोसम जिवंत ठेवला, बाजार मागून आला.

आणि प्रेक्षक नाहीत म्हणजे प्रेक्षकांना नकोच आहे, असं कशावरून? इंग्लंडमध्ये प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी गुडिसन पार्कवर झाला तेव्हा ५३ हजारांच्या आसपास लोक आले होते. त्यानंतर वर्षाच्या आत, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने महिलांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी केली. ती उठायला जवळपास ५० वर्षं गेली. जर्मनीत १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९, तिथेही बंदीच. जर्मन मुलींनी १९८९ मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा महासंघाने बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबशांचे सेट दिले! अर्धं शतक दार बंद ठेवायचं आणि मग आत गर्दी का नाही म्हणून विचारायचं, हा न्याय अजब आहे. आपल्याकडे अशी लेखी बंदी नव्हती. आपण कामाच्या दिवशी भर दुपारी सामना ठेवतो, तेवढं पुरतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. भारतात पुरुषांचंच फुटबॉल डबघाईला आलंय, तिथे मुलींसाठी कोण पैसा काढणार? जुलै २०२५ मध्ये खुद्द आयएसएलचा, म्हणजे पुरुषांच्या वरच्या लीगचा, पुढचा मोसम रोखून धरावा लागला, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आला होता. हा युक्तिवाद मान्य. पण तो उलटाही वाचता येतो. पुरुषांच्या संघाच्या ताटाखाली मुलींचा संघ ठेवला की काय होतं ते केरळात दिसलं. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूला बाद फेरीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून वाद झाला आणि केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड केला. जूनमध्ये क्लबने जाहीर केलं की आर्थिक भारामुळे महिला संघ तूर्त थांबवतोय. मैदान सोडलं कोणी, घरी कोण गेलं! तेव्हा पुरुषांचं फुटबॉल सावरेपर्यंत थांबा, असं मुलींना सांगणं म्हणजे त्यांचा मोसम दुसऱ्यांच्या चुकांकडे गहाण ठेवणं. दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने २०१९ पासून आपल्या मोठ्या स्पर्धेत खेळू इच्छिणाऱ्या क्लबांना महिला संघाची अटच घातली. तेवढी अट तरी आपण घालू शकतो की नाही?

तिसरा आक्षेप मुंबईतल्या मराठी घरातला आहे, आणि तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ‘बाई गं, खेळ खुशाल, पण रेल्वेत नाहीतर पोलिसात चिकटेल का ते बघ.’ या वाक्याला हसणाऱ्यांनी कधी घरभाडं भरलेलं नसावं. २०२३ मध्ये भारतीय महासंघाने ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. पाऊल योग्य दिशेने होतं. पण महिन्याला ते साडेसव्वीस हजारांच्या आसपास जातात, आणि अकराव्या खेळाडूला तर तेवढीही हमी नाही. कल्याणच्या पुढून पहाटेच्या लोकलने सरावाला येणाऱ्या मुलीच्या आईने सरकारी नोकरीचा आग्रह धरला तर तिचं काय चुकलं?

मात्र नोकरी आणि व्यावसायिक खेळ हे एकमेकांचे शत्रू आहेत हे गृहीतक मुंबईनेच पूर्वी खोटं पाडलंय. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक, कूपरेजवरची हार्वूड लीग, मफतलाल, टाटा, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ. इथला पुरुषांचा फुटबॉल ऑफिसच्या हजेरीपटावरच वाढला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या फुटबॉलमधला. नोकरीबरोबर त्या खेळाडूंना महिनोन्‌महिने चालणारी लीग होती, म्हणून ते घडले. मुलींना देऊ केलेल्या नोकरीत लीगचा भाग गळून जातो. उरतो तो ऑफिसचा पंखा आणि वर्षातून एकदा आंतरविभागीय स्पर्धा.

जपानने नेमकं हेच उलटं केलं, आणि ती गोष्ट आपल्याला जरा झोंबायला हवी. १९८० आणि १९८३ अशा दोन आशियाई स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. १९८१ मध्ये तिसऱ्या. त्याच १९८१ च्या स्पर्धेत जपानचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरला. म्हणजे तेव्हा आपण त्यांच्या पुढे होतो. १९८९ मध्ये जपानने महिलांची लीग काढली, तीही बहुतांश कंपन्यांच्या आणि क्लबांच्या संघांची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंदी आली, निक्को सिक्युरिटीजसारख्या कंपनीने अजिंक्य संघ गुंडाळला. आपल्याकडे २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झाला तसंच. फरक एवढाच की तिथली लीग थांबली नाही. २०११ मध्ये फ्रँकफर्टला जपानने अमेरिकेला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला आणि शेवटची पेनल्टी मारली साकी कुमागाईने, जी बचावपटू आहे. आपल्याकडे काय झालं? २००९ मध्ये भारताचा महिला संघ सामने न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून गळला. राष्ट्रीय महिला लीगचा पहिला विजेता मिळाला २०१७ च्या फेब्रुवारीत.

कोणी म्हणेल, शिबिरं तर होतातच. होतात, आणि त्यांची मर्यादाही आपण पाहिली आहे. २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी आपल्या मुलींनी महिनोन्‌महिने शिबिरात घाम गाळला, युरोपात जाऊन सामने खेळले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला अमेरिकेने ८ गोल घातले, मोरोक्कोने ३, ब्राझीलने ५. दोष अर्थातच मागच्या फळीवर आला. कर्णधार अष्टम उरांव हीसुद्धा बचावपटू. झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यात तिच्या सन्मानार्थ गावाला रस्ता बांधायला घेतला गेला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीवर राबत होते. सत्कार तातडीने झाला, व्यवस्थेचं मात्र घोडं पेंड खातंय ते खातंयच. शिबिरात तुम्ही आपल्याच मैत्रिणींविरुद्ध खेळता. शनिवारी चुकलं तर पुढच्या शनिवारी सुधारायची संधी शिबिर देत नाही. ती देते फक्त लीग.

आणि मुंबई? २०२२ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत आशियाई चषकाचा अंतिम सामना डी. वाय. पाटीलवर झाला, चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानावर स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला हरवून सतरा वर्षांखालील विश्वचषक नेला. इतकं भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. त्यानंतर इंडियन विमेन्स लीग पहिल्यांदा होम-अवे, म्हणजे एकदा आपल्या आणि एकदा समोरच्यांच्या मैदानावर अशी, झाली, २०२३-२४ मध्ये ७ संघ, २०२४-२५ मध्ये ८. त्यांत मुंबईचा एकही संघ नव्हता. महाराष्ट्राचाही नव्हता. फायनलचे यजमानपद आपलं, संघ ओडिशाचा, बंगालचा, केरळचा, तमिळनाडूचा. शहराला फुटबॉल परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून दाखवावा.

१४ सामन्यांच्या लीगला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. इंग्लंडची विमेन्स सुपर लीग २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथेही ८ संघ आणि प्रत्येकी १४ सामनेच होते, आणि एव्हर्टनकडून खेळणारी लूसी ब्रॉन्झ त्या सुमारास पिझ्झाच्या दुकानात काम करत होती. पुढे युरोपातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली ती पहिली बचावपटू. २०२२ च्या युरो अंतिम सामन्याला वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षक आले. मधल्या ११ वर्षांत तिथला मोसम लांबत गेला आणि २०१८ मध्ये लीग पूर्ण व्यावसायिक झाली. आपला २०२३-२४ चा मोसम डिसेंबरला सुरू होऊन मार्चमध्ये आटोपला, मग बाकीचे आठ महिने कोणाचे?

हे आठ महिने नुसते पगाराचे नाहीत. फिफाच्या नियमानुसार खेळाडूचा करार कमीत कमी मोसमाच्या अखेरीपर्यंतचा असावा लागतो. मोसमच साडेतीन महिन्यांचा असेल तर नियम पाळूनही क्लब तिला चैत्रात मोकळं करू शकतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर मैदानात परतायला नऊ महिने सहज जातात. इंग्लंडची कर्णधार, बचावपटू लिया विल्यमसन, याच दुखापतीने २०२३ च्या विश्वचषकाला मुकली. तिच्यामागे क्लब उभा होता. आपल्या मुलीचा करार मार्चला संपला आणि गुडघा फेब्रुवारीत गेला, तर ऑपरेशन कोणी करायचं, फिजिओचे पैसे कोणी भरायचे? २०२१ पासून फिफाने १४ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेची आणि त्या काळात किमान दोनतृतीयांश पगाराची सोय केली आहे. जिच्याकडे तेव्हा करारच नाही तिला तो नियम काय कामाचा?

म्हणून मुंबईपुरतं बोलायचं तर सुरुवात सरकारी नोकरीपासूनच करता येईल. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याचे निकष पदकांभोवती फिरतात. राज्याचा संघ पदकापर्यंत पोचला नाही तर त्यातली उत्तम स्टॉपरही रिकाम्या हाताने परतते. तिथे लीगमध्ये खेळलेल्या मिनिटांनाही गुण द्या. ज्यांना नोकरी आहे त्यांना मिळणारी विशेष नैमित्तिक रजा स्पर्धेपुरती असते, महिनोन्‌महिने चालणाऱ्या होम-अवे लीगला ती पुरत नाही. तेव्हा एक शासन निर्णय काढून खात्यांना सांगा: लीगच्या महिन्यांत खेळाडूला भरपगारी सोडायचं, आणि तिच्या सेवापुस्तकात ते महिने रजा म्हणून नाही, कर्तव्यावर हजर म्हणून लिहायचे.